सुवर्णपदकाची भिशी

आमच्या सिंदीत नळाला पाणी रोज येईलच याची खात्री नाही, पण राष्ट्रीय विजेता दर हिवाळ्यात येतो. कापसाच्या हंगामातच येतो. स्टेशनच्या रस्त्याला एका बाजूला कापसाच्या गाड्या लागतात आणि दुसऱ्या बाजूला अभिनंदनाचे फ्लेक्स. फ्लेक्सवर मधोमध पोरगी, गळ्यात पदक. भोवती तिचे काका, मामा, शुभेच्छुक, आणि एक गृहस्थ, ज्यांना कोणीच ओळखत नाही पण जे गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतात. खेळ कोणता, हे खाली बारीक अक्षरात. रॅकेटबॉल. बहुतेक लोक त्याला टेनिस समजतात. जरा जाणकार असतात ते बॅडमिंटन समजतात.

मला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. माझं मॅचिंग सेंटर आहे. साडीवर ब्लाऊजपीस, ब्लाऊजवर अस्तर, अस्तरावर धागा, असं दिवसभर जुळवत बसते. त्यामुळे खेळ कळत नसला तरी लोकांनी जुळवून आणलेली गोष्ट मला काउंटरच्या मागून बरोबर दिसते.

हा खेळ गावात आणला सरांनी. सर म्हणजे एका शाळेतले पीटीचे शिक्षक. त्यांचा सिद्धांत मी त्यांच्याच तोंडून, माझ्याच दुकानात, माझाच चहा पिताना ऐकला. "वहिनी, क्रिकेटमंदी गर्दी हाय. कबड्डीचं तं इचारूच नका. पोरं नॅशनलले न्यायची असन तं असा खेळ पायजे, जो कोनी खेळतच नाई." आधी त्यांनी पोरांना दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. पण दोरी दुर्दैवाने इतर जिल्ह्यांतही मिळते, त्यामुळे तो खेळ हातचा गेला. मग मोबाइलवर त्यांना रॅकेटबॉल सापडला. चार भिंतींची बंद खोली, वर छत, आखूड दांड्याची रॅकेट, रबरी निळा चेंडू. चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा आणि त्याचे दोन टप्पे पडायच्या आत दुसऱ्याने तो परत मारायचा. एवढ्या भिंती लागणारा खेळ आपल्याकडे कोणी खेळणार नाही, हे पाहून सरांना गहिवरून आलं असावं. महिन्याभरात जिल्ह्याची संघटना निघाली. अध्यक्ष सर, सचिव सरांच्या मिसेस, खजिनदार सरांचे मेहुणे. निवडणूक लोकशाही मार्गाने झाली आणि तिघेही बिनविरोध निवडून आले.

कोर्ट मात्र नव्हतं. गावाबाहेर एक बंद पडलेली जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे, तिच्या गोदामाची एक उंच भिंत सरांनी पसंत केली. खेळाला चार भिंती लागतात, आमच्याकडे एक होती. उरलेल्या तीन आणि छत पोरींनी मनात धरायचं, असं ठरलं. डोळ्यांना गॉगल लागतो म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ग्राइंडिंगवाल्यांचे चष्मे आले. ते घालून पोरी भिंतीसमोर उभ्या राहिल्या की गेट बनवायला आल्यात असं वाटायचं.

जिनिंगच्या फाटकाची किल्ली चौकीदाराकडे असायची. तो हिंगणीकडचा. त्याची भाची शिक्षणासाठी त्याच्याजवळ राहायची, जिनिंगच्या आवारातल्याच खोलीत. किल्लीच्या बदल्यात सरांनी तिला क्लासमध्ये घेतलं. आमच्या पोरी आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सायकलवर, स्कूटीवर बसून यायच्या. हिला दात घासतानाही समोर तीच भिंत. आईशी फोनवर गोंडीत बोलायची, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि सरांशी शक्यतो बोलायचीच नाही. गरीब बिचारी वगैरे म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. एकदा माझ्या लेकीच्या डब्यातली भाजी चाखून मला म्हणाली, "काकू, तुमच्या भाजीत मीठच नाई. तुमाले बीपी हाय का?" मला बीपी नव्हतं. त्या दिवशी झालं असावं.

आता भिशीचं सांगते. आमच्या गल्लीत बायकांची भिशी चालते, दर महिन्याला एकीचा नंबर लागतो. सरांचं सुवर्णपदक अगदी तसंच चालायचं. ज्या वर्षी जी पोरगी दहावीत, तिचा नंबर. कारण राष्ट्रीय स्पर्धेचं सर्टिफिकेट असलं की दहावीला खेळाचे वाढीव मार्क मिळतात, आणि सरांच्या म्हणण्याप्रमाणे पहिला नंबर असला म्हणजे चिंताच नाही. पहिल्या वर्षी सरांची पुतणी राष्ट्रीय विजेती झाली, मग दालमिलवाल्यांची पोरगी, मग तिची धाकटी चुलतबहीण. स्पर्धेला दोन-तीन राज्यांतले संघ यायचे, नाही असं नाही. पण तेही आपापली भिशी सोबत घेऊनच यायचे. मुलांचे गट त्यांनी घ्यायचे, मोठ्या मुलींचा आमचा, अशी राष्ट्रीय एकात्मता होती. आमच्या बायका निदान चिठ्ठ्या तरी टाकतात.

माझी लेक सातवीपासून या क्लासला जात होती, आणि गंमत अशी की तिला हा खेळ मनापासून आवडायचा. बाकीच्या पोरी सर्टिफिकेटसाठी यायच्या. ही घामाघूम होऊन घरी यायची, हाताला भिंतीचा चुना लागलेला, आणि जेवताना वाटीने टेबलावर चेंडू कसा वळला ते दाखवायची. सरावात तिची जोडी कायम हिंगणीच्या पोरीशी. दोघींच्या गेम अगदी चुरशीच्या व्हायच्या. शेवटी एक-दोन गुणांनी माझी लेक जिंकायची. दर वेळी एक-दोनच गुणांनी.

एकदा झोपायच्या आधी तिने मला विचारलं, "आई, मले खरंच खेळता येते का वं?"

मी म्हटलं, "सरांना विचार."

"सर तं सगळ्याईलेच चांगलं म्हनते."

मी काय सांगणार? फॉलचा रंग उडेल का विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. या पोरीला घरात सगळं आयतं मिळत आलं होतं, एकुलती एक असल्यावर मिळतंच. सायकल मागायच्या आधी सायकल, मोबाइल मागायच्या आधी मोबाइल. आता तिला एकच गोष्ट हवी होती, आपण कितपत आहोत हे कोणीतरी खरं सांगावं. आणि तेवढी एक गोष्ट आमच्या घराला आणून देता येत नव्हती.

यंदा ती दहावीत गेली. म्हणजे नंबर तिचा.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी सरांनी भिंतीपाशी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. हिंगणीच्या पोरीला म्हणाले, "फायनल तुम्हा दोघींचीच होईन. तू आत्ता नववीत हाय, तुयाच नंबर पुढच्या वर्षी. समजलं ना?" ती समजलं म्हणाली. माझी लेक तिथेच उभी होती. तिला वाटत होतं की सर विनोद करताहेत, कारण दर वेळी तीच तर जिंकत होती. मग जिंकवायची गरज काय? सायकलवरून घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात ही शंका पुरती शिरली होती. ताटावर बसली आणि तशीच उठली.

आमचे हे कापसाचे व्यापारी. त्यांना मी म्हटलं, पोरींना सरळ खेळू द्या, जे व्हायचं ते होईल. ते म्हणाले, "मार्क काय झाडाले लागते?" मी म्हटलं, पोरगी जेवली नाही. ते म्हणाले, परीक्षा आली की सगळ्याच पोरी जेवत नाहीत. मी बराच वाद घातला. मग शिरा केला. तोही तिने खाल्ला नाही, यांनीच संपवला. दुसऱ्या दिवशी ते फ्लेक्सवाल्याकडे जाऊन 'राष्ट्रीय विजेती' असा मजकूर देऊन आले. फोटो पासपोर्टचा दिला, कारण खेळतानाच्या फोटोत ग्राइंडिंगचा चष्मा होता.

लेकीने आपल्या परीने बंदोबस्त केला. ती एकटीच जिनिंगवर गेली आणि हिंगणीच्या पोरीला म्हणाली, "तू मले सोडू नको. खरं खेळजो." ती म्हणाली, "बरं." मी तिच्या 'बरं'वर फार विसंबले नाही. गिऱ्हाईकही रोज मला "बरं, येतो उद्या" म्हणतात.

स्पर्धा वर्ध्याच्या बायपासजवळच्या एका जुन्या क्लबात होती. कोर्ट मुळात स्क्वॉशचं. सरांनी जमिनीवर रंगीत टेप चिकटवून त्याचं रॅकेटबॉल केलं होतं, आणि टेपचा उरलेला रोल अजून कोपऱ्यात पडला होता. वर एक गॅलरी, तिथे आम्ही पालक, डबे आणि चिवडा. पंच म्हणून सावंगीला शिकणारी एक डॉक्टरकीची विद्यार्थिनी होती. तिला नियम सगळे पाठ होते. बिचारीने ते कशासाठी पाठ केले, हे सरांनाही समजत नव्हतं. प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी पुढारी येणार होते. ते कशाचे माजी, हे कोणी सांगू शकलं नाही, पण माजी असल्याबद्दल एकमत होतं.

पहिल्यांदाच पोरींना चारही भिंती खऱ्या मिळाल्या. चेंडू मागच्या भिंतीवरून उलटा येऊन डोक्यात बसू शकतो, हे आमच्या संघाला तिथे कळलं. तरी फायनल ठरल्याप्रमाणे या दोघींचीच झाली. पहिली गेम लेकीने पंधरा-बारा अशी जिंकली. गॅलरीत टाळ्या. आमच्या ह्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला, "लावून टाक बा." लेक बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती. मला वाटलं, चला, बरी खेळली. मीही हसले.

दुसऱ्या गेममध्ये लेक पुढेच होती, पण गेम लांबत होती. तेवढ्यात निरोप आला की पाहुणे पोचले आहेत आणि त्यांना लगेच एका बारशाला जायचंय. सर कोर्टाच्या काचेच्या दाराजवळ गेले आणि त्यांनी हिंगणीच्या पोरीला हाताने खूण केली, लवकर आटप. ती पोरगी आज्ञाधारक. सरांच्या क्लासला आल्यापासून ती हेच करत आली होती, फक्त आजवर ते सवडीने करायची. आता घाई होती. पुढचा चेंडू तिने सरळ जमिनीत मारला. त्याच्या पुढचाही. त्याच्या पुढच्याला तर ती हललीच नाही.

लेक थांबली. मला वरून तिची फक्त पाठ दिसत होती, पण ती पाठ मी ओळखते. तिने मागे वळून विचारलं, "काय करून राह्यली तू?"

"काई नाई. मार सर्व्हिस."

लेकीने सर्व्हिस मारली. जमिनीत. दुसरीही जमिनीत. या खेळात दोनदा सर्व्हिस चुकली की ती समोरच्याकडे जाते, आणि गुण फक्त सर्व्हिस करणारीला मिळतो. म्हणजे आता हिंगणीच्या पोरीची पाळी. तिनेही शांतपणे दोन्ही जमिनीत घातल्या. पुन्हा लेकीची. पुन्हा जमिनीत. एकीला हरायचा हुकूम होता, दुसरीला राग आला होता, आणि गुणफलक जिथल्या तिथे. राष्ट्रीय अजिंक्यपदाची फायनल होती आणि दोन्ही फायनलिस्ट जीव तोडून हरत होत्या. गॅलरीत चिवडा खाणारे हात थांबले. माजी पुढारी म्हणाले, "छान चाललंय."

सरांनी पंचांना म्हटलं, काहीतरी करा. ती सावंगीची मुलगी म्हणाली, "सर, हरायला नियमात बंदी नाही."

शेवटी सर आत गेले. काचेचं दार उघडं राहिलं होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. ते लेकीला समजवायला लागले की मार्क, दहावी, बाबा, फ्लेक्स. लेक त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती म्हणाली, "हिले खेळ म्हना. नाई तं मी संध्याकाळलोक इथंच सर्व्हिस मारन."

सरांनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे. मग हात झटकले आणि हिंगणीच्या पोरीला म्हणाले, "खेळ बाई, तुले खेळायचं तसं खेळ. पन लवकर."

तिने चष्मा काढला, फ्रॉकच्या टोकाला पुसला, परत घातला. आणि मग मी जे पाहिलं, ते मला नीट सांगता येणार नाही, कारण खेळ मला आजही कळत नाही. एवढंच सांगते की आतापर्यंत तो चेंडू मला दिसत होता आणि आता दिसेना. फक्त आवाज यायचा, भिंतीवर धाड, आणि माझी लेक भलत्याच बाजूला धावत असायची. दुसरी गेम बघता बघता गेली. मग निकालाची तिसरी, अकरा गुणांची. लेक धडपडत होती, गुडघ्यावर पडत होती, उठत होती. एकदाही तिने वर पाहिलं नाही. सरांनी मागितलं होतं लवकर, आणि लवकरच झालं. अकरा-दोन.

तीन वर्षं दर वेळी एक-दोन गुणांनी जिंकणारी माझी पोरगी. ते एक-दोन गुण कोण मोजून मोजून देत होतं, हे आता गॅलरीतल्या चिवड्यालाही कळलं असेल. मला सरांचा राग आला, ह्यांचा आला, त्या हिंगणीच्या पोरीचाही आला, इतकं चांगलं खेळायची काय गरज होती म्हणून. आई झाल्यावर माणूस असाच विचार करतो.

बक्षीस समारंभ झाला. पाहुण्यांनी भाषणात आमच्या मातीतल्या या खेळाचं जतन केलं पाहिजे, असं सांगितलं आणि बारशाला गेले. हिंगणीच्या पोरीला सुवर्ण, माझ्या लेकीला रौप्य. सर फोटोत दोघींच्या मधे उभे राहिले आणि असं हसले, जणू निकाल त्यांच्या शिकवण्याचाच होता. एका अर्थी होताच. आमचे हे बाहेर जाऊन फ्लेक्सवाल्याशी बोलत होते. तो म्हणाला, उतरवायला माणूस नाही, पण वरून पट्टी चिकटवून 'उपविजेती' करता येईल, उद्या करतो. चौकीदार मामाला तर कोणी कळवलंच नव्हतं की त्याची भाची राष्ट्रीय विजेती झाली. मीच फोन केला. तो म्हणाला, "आता सर क्लासले येऊ देतीन का तिले?" मी म्हटलं, किल्ली तुझ्याकडे आहे ना.

मी पोरींना शोधत मागे गेले. क्लबाच्या मागच्या नळावर दोघी पाणी पीत होत्या. मी जरा अलीकडेच थांबले. लेक रडली असणार, डोळे सुजलेले होते, पण आवाज साफ होता.

"एक इचारू?"

"इचार."

"मले ते दोन पॉइंट भेटले ना, ते तू सोडले का?"

हिंगणीच्या पोरीने ओंजळीतलं पाणी संपवलं. मग तोंड पुसलं. मला वाटलं, आता ही खोटं बोलेल, बोलावं असंच मला वाटत होतं.

"एक सोडला," ती म्हणाली.

"काऊन?"

"काकू वरून पाहून राह्यल्या होत्या. तोंड पार उतरलं होतं त्यायचं."

मी खांबाच्या आणखी मागे सरकले.

"अन् दुसरा?"

"दुसरा तुयाच होता. डाव्या कोपऱ्यातला. मी धावली, पन नाई भेटला."

"खरंच नाई भेटला?"

"नाई भेटला म्हनलं ना. किती दा सांगू?"

लेकीने नळ बंद केला, मग पुन्हा उघडून तोंडावर पाणी मारलं.

परत येताना आमच्या गाडीत दोघी मागे बसल्या होत्या. हिंगणीची पोरगी पदकासकट झोपून गेली, तोंड उघडं टाकून. सेलूच्या पुढे आल्यावर ह्यांना बापाचं प्रेम आठवलं. आरशातून लेकीकडे बघत म्हणाले, "जाऊ दे बेटा. दोन पॉइंट तं घेतले ना तिच्यासारखीवर."

"दोन नाई, बाबा. एक," लेक म्हणाली, आणि खिडकीची काच खाली केली.